सहा फुटी माणसाच्या मापाने आपली घरं का मोजायची?

मळ्यातला (पणजी)
एक जुनं घर रिकामं होत होतं, तिथून वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या 'मोड्युलॉर'चं, म्हणजे माणसाच्या अंगावरून इमारतीची मापं काढायच्या त्याच्या पद्धतीचं, भलंमोठं जुनं छापील चित्र उचललं. एक हात वर केलेला धिप्पाड गडी, शेजारी तांबड्या-निळ्या मापांच्या चढत्या पट्ट्या. बेंबी 113 सेंटीमीटरवर, डोकं 183वर, वरच्या हाताची बोटं 226वर. 113 आणि 183 यांच्यात सुवर्ण गुणोत्तर (साधारण 1 ला 1.618). मीटर निघाला पृथ्वीच्या परिघावरून, त्याला माणसाचं काय पडलंय? या माणसाने इमारत पुन्हा अंगाने मोजली. आपल्याकडचे नवे फ्लॅट कशाने मोजत आले? सुपर बिल्टअपने, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरून. प्रत्येक आर्किटेक्टच्या टेबलासमोर हे चित्र हवं.

स्टुलावरची (म्हापसा)
अंगाने मोजली, पण कुणाच्या? आधी तो गडी 175चा होता. मग 183 झाला, कारण इंग्रजी रहस्यकथांतला देखणा पोलीस सहा फुटांचा असतो! ही गंमत कॉर्बुझिएनेच लिहून ठेवलीय. माझी आई चार फूट दहा इंच. ओट्यावरच्या कपाटातला मिठाचा डबा काढायला ती स्टूल ओढते. त्या चित्रात बाई कुठे आहे?

चिरेबंदी (सत्तरी)
आणि त्या वर केलेल्या हाताएवढं, 226चं छत? मे महिन्यात पणजीत झोपून बघा. आपल्या जुन्या घरांत कौलं उंच का, तर गरम हवा वर जावी म्हणून. त्यात सुवर्ण गुणोत्तर कुणी शोधलं नाही.

मळ्यातला
चिरेबंदीभाई, अर्धंच सांगितलंत. फ्रान्समधल्या मार्सेयच्या त्याच्या इमारतीत (1952) बैठकीची खोली दोन मजल्यांएवढी उंच आहे, 226 बाकीच्या भागात. 183चा युक्तिवाद मात्र लंगडा आहे, हे मान्य. पण दुसऱ्या महायुद्धानंतर घरं हजारांनी बांधायची होती, दारं-खिडक्या कारखान्यात बनणार होत्या. कुठलं तरी एक माप धरावंच लागतं ना?

पोथीवाली (फोंडा)
हात वर केलेला माणूस माप म्हणून धरायचा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी आखायच्या प्राचीन ग्रंथांत, अग्निचयन यज्ञाची विटांची वेदी 'पुरुष' या मापाने आखतात, आणि पुरुष म्हणजे हात वर करून उभा असलेला यजमान, यज्ञ करवणारा. तंतोतंत तुमचा गडी! फरक एवढाच की यजमान बदलला की माप बदलतं. बुटक्याची वेदी बुटक्याच्या हाताने. मूर्तिकारांचा 'ताल'ही तसाच, त्या मूर्तीच्याच चेहऱ्याएवढा. कॉर्बुझिएने यजमानाला कायमचा नेमून टाकला, आणि तोही परदेशी पोलीस. माझं भांडण सुवर्ण गुणोत्तराशी नाही, या नेमणुकीशी आहे.

मळ्यातला
हे डोक्यात आलंच नव्हतं. तरी विचारतो, दोनशे फ्लॅटच्या इमारतीत यजमान कोण?

सुतारमामा (डिचोली)
प्लायवूड. शीट आठ बाय चार, त्यातून जे निघेल ते कपाट. तुमचा फ्रेंच माणूस कुणी वाचलेला नाही. ओटा बहुतेक सगळीकडे 34 इंच, म्हणजे 86 सेंटीमीटर. मी विचारतो, स्वयंपाक कोण करतं? तिला उभी करतो, हात कोपरात वाकवायला सांगतो, कोपराखाली चार-पाच इंच सोडतो. झालं माप. बिल्डरकडे काम असलं की ही चैन नाही.

मळ्यातला
मामा, निळ्या पट्टीत 86 आहे! हात टेकायची उंची म्हणून. आत्ता भिंतीवर बघितलं.

सुतारमामा
असेल. तो सहा फुटाला धरून काढलेला, आम्ही सवयीने. स्टुलावरच्या बाईंची आई दोन्हीकडे अडली.

चिरेबंदी
विषयांतर करतो. चित्र भिंतीला चिकटवून टांगलंय का? चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी ओढते, दोन पावसाळ्यांत कागदावर बुरशी येईल. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, हवा खेळू दे.

स्टुलावरची
बुचं लावून झाली की मामांचा नंबर द्या. कपाट चार इंच खाली घ्यायचंय.

सुतारमामा
आईंना घरी थांबायला सांगा. त्यांच्याशिवाय टेप उघडत नाही.