खासगी फिल्म स्कूल: फी भरण्याआधी काय विचारावं?

प्रश्न: मुलीला फिल्मचं संकलन (एडिटिंग) शिकायचंय. मुंबईतल्या खासगी संस्थांच्या माहितीपत्रकात नुसते कॅमेऱ्यांचे फोटो. नेमकं काय तपासू?

उत्तर १: दादा, तुकडीत मुलं किती, एडिटिंगची मशीन किती, लॅब रात्री उघडी असते का? डिप्लोमा फिल्मचा (कोर्सच्या शेवटी विद्यार्थी करतात ती फिल्म) खर्च फीमध्ये धरलाय का आणि कॉपीराइट कुणाचा, हे लेखीच घ्या.

उत्तर २: जुन्या तुकड्यांच्या फिल्म हेडफोन लावून पाहा. कट पडताच मागचा आवाज खटकन बदलला, तर बहुधा लोकेशनवर अर्धा मिनिट रूम टोन (कुणी बोलत नसताना त्या जागेचा आवाज) घेतलेला नाही. संवाद ओठांमागे रेंगाळत गेला, तर बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं चित्रण एडिटिंग करताना २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम बसवलंय; चित्र किंचित वेगानं पळतं आणि आवाज मागे पडतो. १० मिनिटांत ०.६ सेकंदाचा फरक पडतो. हे शिक्षकांच्या नजरेतून सुटायलाच नको!

उत्तर ३: आधी पुण्याच्या एफटीआयआयचा (सरकारी फिल्म संस्था) एखादा छोटा कोर्स करू द्या.