"मन साफ असेल तर प्रायव्हसी कशाला?" म्हणणाऱ्यांसाठी

खिडकीबंद:
परवा एका धाग्यात वाचलं, "ज्याचं मन साफ, त्याला प्रायव्हसीची फिकीर नसते." दोन दिवस डोकं ठणकतंय, म्हणून हा वेगळा धागा. तुमचं मन असेल हो साफ! पण अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी देता तेव्हा माझाही नंबर देऊन मोकळे होता, मला न विचारता. मी एका अ‍ॅपवर पहिल्यांदाच खातं उघडलं, तर "तुम्ही यांना ओळखत असाल" म्हणून माझ्या समुपदेशक बाई समोर! त्यांच्याकडे जातो हे घरातसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं.

साधासरळ:
ते वाक्य माझं. नाव घ्यायला लाज वाटली का? १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकन वकिलांनीही झटपट फोटो आणि वर्तमानपत्रांविरुद्ध असाच गळा काढला होता. बुडालं का जग? २०१० मध्ये फेसबुकवाला झुकरबर्गच म्हणाला होता की प्रायव्हसीबद्दल लोकांच्या धारणा बदलल्यात.

टाचणी:
त्याच झुकरबर्गच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर २०१६ च्या फोटोत चिकटपट्टी दिसली होती. धारणा बदलल्या त्या आपल्या.

साधासरळ:
मेसेज एन्क्रिप्टेड असतात. वाचतंय कोण?

टाचणी:
वाचायची गरजच काय? कोण कोणाशी, किती वाजता, कितीदा बोललं, एवढं पुरतं.

दोनलेकरांचीआई:
अवांतर होईल, पण मी मुलीचं लाइव्ह लोकेशन बघते आणि मला त्यात गैर वाटत नाही. तिची गाडी घसरली तेव्हा नकाशावरच्या त्या टिपक्यामुळेच पोचले मी. तत्त्वज्ञान नंतर.

रात्रपाळी:
ताई, मी त्या मुलीच्या जागी होते. आई दिवसभर टिपका बघायची, फोन मात्र करायची नाही. शेवटी फोन मैत्रिणीकडे ठेवून हिंडायला लागले. टिपका अगदी सज्जन होता माझा!

दोनलेकरांचीआई:
म्हणजे खोटं बोलायचात. आणि दोष आईला?

रात्रपाळी:
खोटं कोणी शिकवलं, तेही विचारा की.

खिडकीबंद:
अहो, धागा कॉन्टॅक्ट्सचा आहे!!

बाकावरचा:
धागा केव्हाच गेला हो तुमचा. बसा इथे शेजारी. ताई, मुलीला विचारलंत का कधी?

दोनलेकरांचीआई:
आईने विचारायचं? बरं. रात्री उशीर झाला तरच बघेन, दिवसा नाही. समाधान?

साधासरळ:
मीही कॉन्टॅक्ट्सची परवानगी काढली. आधी गेलेली यादी काही परत येणार नाही, आणि खिडकीबंद यांचा नंबर माझ्याकडे नव्हताच. पण होऊ दे त्यांच्या मनासारखं.

खिडकीबंद:
उपकार झाले.

दोनलेकरांचीआई:
विचारलं मुलीला. म्हणाली, चालेल, पण तुझंही लोकेशन मला दे. दिलं. आता मेसेज आलाय, "आई, तीन तास एकाच जागी काय करतेयस?" काय सांगू, तुमच्याशी भांडतेय म्हणून?