दूतावासाच्या छोट्या ग्रँटसाठी अर्ज करायचाय, सुरुवात कुठून करू?

कळसूत्री
सावल्यांच्या बाहुल्यांचे प्रयोग करणारा आमचा सहा जणांचा गट आहे. संस्था नोंदलेली आहे, हिशेब तपासलेले आहेत. अमेरिकेतल्या एका बाहुलीकार बाईंबरोबर वर्षभर व्हिडिओ कॉलवर काम चाललंय. त्यांना दहा दिवस इकडे बोलावून शाळेतल्या मुलांसोबत प्रयोग बसवायचा आहे. अमेरिकी दूतावास अशा कामाला छोटी ग्रँट देतो असं कळलं म्हणून सूचना उघडली, आठव्या पानावर धीर सुटला. मुदतीला सात आठवडे आहेत. प्रस्ताव लिहायला घेऊ का?

खर्डेघाश
प्रस्ताव राहू द्या बाजूला. आज रात्री सॅम डॉट गव्हवर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर, संस्थेची नोंदणी सुरू करा. अमेरिकी सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला यूईआय नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा क्रमांक लागतो. (एप्रिल २०२२ च्या आधी डन्स नंबर चालायचा, तेव्हा जुनी मार्गदर्शक पानं वाचत बसू नका.) नुसता क्रमांक हातात आला म्हणजे झालं असं नाही. नोंदणी पूर्ण होऊन 'अ‍ॅक्टिव्ह' दिसली पाहिजे, आणि दरवर्षी तिचं नूतनीकरण करावं लागतं. यातलं सगळं फुकट आहे. अर्ज भरला की 'आम्ही करून देतो, इतके पैसे भरा' अशा मेल येतील, त्या सरळ उडवा.

आम्ही अडकलो ते नावात. नोंदणी दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरात 'मंडळ'च्या शेवटी 'ए' होता, बँकेच्या कागदावर नव्हता. एका 'ए'पायी तीन आठवडे गेले! नाव आणि पत्ता पडताळणाऱ्या माणसाला आपली भाषा येत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या संस्था. म्हणून आधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि स्पेलिंग, स्वल्पविराम, पिनकोड एकेक करून जुळवा. टपालपेटीचा पत्ता चालत नाही.

दुसरा फटका विमानाचा. मी सगळ्यांत स्वस्त तिकिटाचा भाव अंदाजपत्रकात टाकून मोकळा झालो होतो. अमेरिकी सरकारच्या पैशातून काढलेलं तिकीट, थोडे अपवाद सोडले तर, अमेरिकी विमान कंपनीचं किंवा निदान तिच्या कोडवर निघालेलं (विमान दुसऱ्याचं, पण तिकिटावर फ्लाइट नंबर अमेरिकी कंपनीचा) लागतं, हे मंजुरीच्या तोंडावर कळलं. भाव दीडपट. दहा दिवसांची कार्यशाळा सातवर आणली, तेव्हा कुठे आकडा बसला.

आता प्रस्ताव. 'आमची कला प्राचीन आहे, लोप पावते आहे' यावर पहिलं पान खर्चू नका. मी खर्चलं होतं, आणि भाषा काय सुंदर होती म्हणून सांगू! पण वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: यात अमेरिकेचा संबंध काय, नेमकी कुठली मुलं, किती, आणि पाहुणी परत गेल्यावर मागे काय उरणार. तुमचं वर्षभराचं कॉलवरचं काम हीच तुमची मोठी जमेची बाजू. ते पहिल्या परिच्छेदात येऊ द्या, तारखांसकट. आणि त्या बाईंचं सहीचं पत्र आत्ताच मागवून ठेवा, कलाकार माणसं पत्राला फार वेळ लावतात.

मधलीसुट्टी
हाच अर्ज नावं बदलून चार दूतावासांना पाठवायचा मोह होईल. मी केलंय, कुठूनही काही आलं नाही. प्रत्येकाचा पैसा वेगळ्या कामाचा असतो. जपानची तळागाळातल्या सांस्कृतिक प्रकल्पांची मदत वाद्यं, ध्वनियंत्रणा अशा सामग्रीकडे झुकते. ऑस्ट्रेलियाचा डायरेक्ट एड प्रोग्रॅम मुळात विकासकामांचा. पाहुण्या कलाकाराचं तिकीट तिथे मागितलं तर कपाळाला आठ्या पडणारच.

पडद्यामागे
एक मुद्दा राहिला आणि तो सगळ्यांच्या आधीचा आहे. परदेशी सरकारचा पैसा घ्यायला तुमच्या देशाचा कायदा मोकळीक देतो का? संस्था भारतात नोंदलेली असेल तर २०१० चा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा लागू होतो, आणि त्यात परदेशी सरकारही येतं. एकतर या कायद्याखालची वेगळी नोंदणी हवी, नाहीतर त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी. पूर्वपरवानगीसाठी देणाऱ्याचं हमीपत्र जोडावं लागतं. म्हणजे दूतावास 'हो' म्हणाला तरी लगेच पैसा खात्यात येईल या हिशेबाने तारखा धरू नका.

आणि फोनवरच्या गोड शब्दांवर खर्च करू नका. करारावर ग्रँट्स ऑफिसरची, म्हणजे ग्रँट मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही होऊन कामाची तारीख सुरू झाल्याशिवाय केलेला खर्च बहुधा तुमच्याच अंगावर पडतो. आम्ही उत्साहाच्या भरात पडद्याचं कापड आधीच आणलं. पावती सहीच्या चार दिवस आधीची, ती रक्कम आमचीच गेली.

कळसूत्री
कागद काल रात्री मांडले. दाखल्यावर 'कला संस्था', पॅनवर 'कलासंस्था', एकत्र. हसावं की रडावं कळेना. खर्डेघाश, दुरुस्ती दाखल्यात करून घ्यायची की पॅनवर?

खर्डेघाश
दाखला मूळ, त्याला हात लावू नका. पॅन दुरुस्तीला टाका आणि तोपर्यंत पडताळणीला दाखला आणि बँकेचं पत्र द्या, त्या दोन्हींवर नाव एकसारखं असेल तर. बँकेच्या कागदावर काय आहे ते पाहिलंत का?

कळसूत्री
पाहिलं. 'कला' आणि 'संस्था'च्या मध्ये जोडरेघ आहे.