गुळवेलीतल्या बॅसिलसचा जीनोम ७.९ एमबी! काय चुकलं असेल?

गुळवेल_कोल्हापूर: पन्हाळ्याच्या उतारावरच्या गुळवेलीच्या खोडातून बॅसिलस जिवाणू मिळालाय. स्टॅफिलोकोकस जिवाणूविरुद्ध झोन (प्लेटवर वाढ थांबलेलं वर्तुळ) झकास येतो. इल्युमिनावर (छोटे रीड्स, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, देणारं यंत्र) सिक्वेन्सिंग केलं, रीड्स जोडून झालेली असेंब्ली ७.९ एमबी (दशलक्ष बेस), कॉन्टिग (जोडलेले सलग तुकडे) ६१२. अँटिस्मॅशमध्ये (प्रतिजैविकासारखी रसायनं बनवणारे जीन शोधणारं सॉफ्टवेअर) अशा जीनचे निम्मे क्लस्टर (समूह) कॉन्टिगच्या टोकाला तुटलेत. आणखी रीड्स घेऊ का?

पेट्रीडिश: नका घेऊ, पैसे पाण्यात जातील. सबटिलिस गटातल्या बॅसिलसचा जीनोम साधारण ४ एमबीचा. दुप्पट म्हणजे बहुतेक दोन जिवाणू एकत्र आलेत. चेकएम या सॉफ्टवेअरवर कंटॅमिनेशन (दुसऱ्या जिवाणूची भेसळ) बघा, तीनदा स्ट्रीक करून (प्लेटवर रेघा ओढून) सुटी कॉलनी घ्या. खोड ७०% इथेनॉल आणि हायपोक्लोराइटनं धुतलं असेलच, पण शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर पसरलं होतं का? त्यावर वाढ दिसली तर जिवाणू खोडाच्या आतला म्हणताच येत नाही.

लांब_रीड: कल्चर शुद्ध झालं तरी क्लस्टर तुटणारच. एनआरपीएस (प्रतिजैविकासारखे पेप्टाइड बनवणारं मोठं एन्झाइम) जीनमध्ये एकसारखे मॉड्यूल ओळीनं असतात, १५० बेसच्या रीडला त्यातला कुठला तुकडा कुठं बसतो ते कळत नाही. नॅनोपोर (लांब रीड देणारं सिक्वेन्सिंग) घ्या, ५० पट कव्हरेजला (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचायला) २० कोटी बेस पुरतात. डीएनए काढताना तो लांबच राहावा म्हणून: लायसोझाइम (पेशीभित्ती फोडणारं एन्झाइम) ३७ अंशांवर तासभर, पिपेटला रुंद तोंडाची टिप, व्होर्टेक्स (यंत्रानं जोरात घुसळणं) अजिबात नको. डीएनए मोजायला क्यूबिट यंत्रच, नॅनोड्रॉप यंत्र आरएनएसुद्धा डीएनएत धरतो.

पेट्रीडिश: आणि १६एसवरून (जिवाणू ओळखायला वापरतात तो जीन) प्रजाती ठरवू नका, सबटिलिस गटात सगळे ९९ टक्क्यांच्या आसपास जुळतात. एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५ टक्क्यांच्या वर आला तरच नाव लावा.