मदत हवी आहे: गुन्हेशास्त्राच्या दुसऱ्या सत्राची नोंदणी, ओजेटीची जागा आणि पुढची दिशा

बोरीकाठ

सर्वांना नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातली. समाजशास्त्रात बी. ए. केल्यानंतर या वर्षी बाहेरच्या जिल्ह्यातील एका विद्यापीठात गुन्हेशास्त्र व फौजदारी न्यायप्रशासन या विषयाच्या एम. ए.ला प्रवेश घेतला असून तिथल्याच वसतिगृहात राहते. दुसऱ्या सत्राची नोंदणी सुरू झाली आहे आणि येत्या आठ दिवसांत ऐच्छिक विषय, 4 क्रेडिटच्या ओजेटीची (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाची) जागा व मार्गदर्शकांचे नाव भरून द्यायचे आहे. घरात इतके शिकलेली मीच पहिली असल्याने विचारायला कोणी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी माझी अडचण सांगते. आधार कार्डावर माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर तो नाही. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, आधारवरून तयार झाला, विद्यापीठाने नाव गुणपत्रिकेवरून घेतले, आणि दोन्ही जुळत नसल्यामुळे पहिल्या सत्राचे क्रेडिट आजही माझ्या खात्यात दिसत नाहीत. कार्यालयात तीन वेळा जाऊन आले. प्रत्येक वेळी वेगळ्या खिडकीवर पाठवण्यात आले. एका अक्षरासाठी सहा महिन्यांचा अभ्यास कागदावरून नाहीसा व्हावा, याचे मला फार वाईट वाटते. दुसऱ्या सत्रात असे होऊ नये यासाठी नेमके काय करावे?

आता ओजेटीबद्दल. वर्गातील बहुतेक जण मोठ्या शहरांत सायबर गुन्ह्यांशी संबंधित संस्था शोधत आहेत. मला मात्र घराजवळ, म्हणजे अमळनेर, धुळे किंवा जळगाव येथे, न्यायाधीन बंद्यांच्या (ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही अशा कैद्यांच्या) जामिनाशी संबंधित काम करायचे आहे. खोलीचे भाडे वाचेल हे एक कारण आहेच, परंतु खरे कारण निराळे आहे.

आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या एका बाईचा नवरा विहिरीवरील पंपाच्या चोरीच्या आरोपावरून कारागृहात आहे. त्याला जामीन मंजूर होऊन दोन महिने उलटले, तरी तो बाहेर आलेला नाही, कारण सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही. ज्यांच्याकडे सातबारा आहे ते मजुरासाठी उभे राहत नाहीत, आणि जे उभे राहायला तयार आहेत त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. दिवाळीच्या सुटीत मी तिच्यासोबत कारागृहात त्याच्या भेटीला गेले होते. तिने पिशवीत एक धुतलेला सदरा, टॉवेल आणि अंगाच्या साबणाची वडी नेली होती. वडीच्या वेष्टनावर तिने पेनाने नवऱ्याचे नाव लिहून घेतले होते, ती दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये म्हणून. परत येताना एस. टी.त तिने मला विचारले, “तू शिकेल शे ना ताई, मंग मना मानूस घर कवय येई ते सांग.” (माझा माणूस घरी कधी येईल ते सांग.) मला उत्तर देता आले नाही. गुन्ह्याच्या कारणांविषयीचे सिद्धांत मी पहिल्या सत्रात नीट पाठ केले होते, पण जामिनाचा आदेश झाल्यावर माणूस प्रत्यक्ष फाटकाबाहेर कसा येतो हे मला ठाऊक नव्हते.

म्हणून विचारते: असे काम शिकायला मिळेल अशी कोणती जागा आपल्या भागात आहे, आणि ती विद्यापीठात ओजेटी म्हणून मान्य होईल का? ऐच्छिक विषयांत पीडितशास्त्र, दंड व सुधारप्रशासन आणि सायबर गुन्हे यांपैकी कोणता घ्यावा? विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसीने) एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी दिल्याचे वाचले, तर एम. ए. करतानाच एलएल. बी.साठी नोंदणी करता येईल का? शेवटचे म्हणजे, या पदवीच्या बळावर खान्देशात राहून पुढे काय करता येते, हे कोणी आडपडदा न ठेवता सांगावे. वडील विचारतात तेव्हा मला खरे उत्तर द्यायचे आहे.

पांझराकाठ

ताई, मी धुळ्यात फौजदारी वकिली करतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काही वर्षे होतो.

तुमच्या जागेच्या प्रश्नाचे उत्तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असे आहे. 1987 च्या कायद्याने ही यंत्रणा उभी राहिली, तिचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात आणि दैनंदिन काम सचिव पाहतात, तेही न्यायाधीशच असतात. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, कलम 12 नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सचिवांच्या नावे विभागप्रमुखांचे पत्र न्या आणि त्या पत्रात ओजेटीचे तास, कालावधी व मूल्यमापन कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्या. 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. रोज पाच तास धरले तरी कामाचे 24 दिवस होतात. सुट्या आणि लोकअदालतीची धावपळ लक्षात घेऊन दीड महिना हाताशी ठेवा.

कारागृहातच ओजेटी करण्याचा विचार असेल तर या सत्रापुरता तो सोडा, असे माझे मत आहे. आत जाऊन अभ्यास करण्यासाठी कारागृह विभागाच्या पुण्यातील मुख्यालयाची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत सत्र हातातून जाते. प्राधिकरणात बसून बंद्यांचे अर्ज वाचणे, नातेवाइकांशी बोलणे, प्रकरणाची तारीख शोधून कळवणे, हे सगळे बाहेर राहूनही शिकता येते. पुढे विधी स्वयंसेवक, ज्यांना आम्ही पीएलव्ही म्हणतो, त्यांच्या निवडीची सूचना निघाली की अर्ज करा. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

आता त्या बाईंच्या प्रश्नाविषयी, कारण तो मला तुमच्या नोंदणीपेक्षा तातडीचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी याच स्थितीबद्दल निर्देश दिलेले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. एका महिन्यात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरल्याने सुटका लांबते, याचीही त्यात दखल घेतलेली आहे. म्हणून तालुका समितीकडे एक साधा अर्ज द्या: प्रकरण क्रमांक, जामिनाच्या आदेशाची तारीख, जामीनदार मिळत नसल्याचे कारण आणि अट बदलण्याची विनंती. अर्ज बाईंच्या अंगठ्यानेही चालतो. त्याशिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 वाचून ठेवा. ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही अशा न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची त्यात तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले बंदी यांना ती लागू होत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे धरली, तर एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष होते. त्यामुळे या माणसासाठी अट बदलून घेण्याचा मार्गच जवळचा आहे.

एलएल. बी.चे उत्तर नाही असे आहे. युजीसीने परवानगी दिली असली तरी बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार एलएल. बी. करताना दुसरी नियमित पदवी करता येत नाही. पुढे वकिलीची सनद घेताना हे उघड झाले तर मोठे नुकसान होईल. एम. ए. पूर्ण करा, मग सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला या. ऐच्छिक विषय दंड व सुधारप्रशासन घ्या.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या कारागृहात होते, दर रविवारी बंद्यांसमोर गीतेवर बोलत, आणि ते शब्द उतरवून घेणारे साने गुरुजी अमळनेरचे शिक्षक होते. आपल्या भागातील शिकलेल्या माणसाचे आणि कारागृहाचे नाते जुने आहे.

पारोळा_सेतू

ताई, मी आधार व दाखल्यांचे काम करतो, त्यामुळे फक्त नावाबद्दल लिहितो. नियम एकच ठेवा: दहावीची सनद हा मूळ कागद, बाकी सगळे त्याच्याशी जुळवून घ्यायचे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर पावती हातात आल्यावर प्रत्येक अक्षर स्वतः वाचा, मगच तिथून उठा. आमच्याकडे घाईत सही करून गेलेली मुले महिनाभराने पुन्हा येतात आणि त्यांची एक संधी वाया गेलेली असते. आधार दुरुस्त झाल्यावर डिजिलॉकरमध्ये नाव बदललेले दिसते का ते पाहा, त्यानंतर एबीसी खाते तपासा आणि मग विद्यापीठाला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. आठ दिवसांत सर्व होईलच असे नाही, तेव्हा नोंदणी अर्ज मुदतीत भरा आणि दुरुस्ती सुरू असल्याची पावती सोबत जोडा. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच नावाने जुळवून घ्या.

गिरणाकाठची

मी हीच पदवी घेऊन सहा वर्षांपूर्वी बाहेर पडले. वडिलांना खरे उत्तर द्यायचे आहे असे तू लिहिलेस, म्हणून तसेच सांगते. या एम. ए.वर थेट मिळणारी सरकारी पदे फारच थोडी आहेत. सरकारी वकील व्हायला कायद्याची पदवी आणि वकिलीचा अनुभव लागतो. न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत विज्ञानाची पदवी लागते. गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे एकच, असे समजून आमच्या वर्गातील दोन मुलींनी दोन वर्षे प्रयोगशाळेच्या जाहिरातींची वाट पाहिली, ते मला अजून खटकते. पोलीस उपनिरीक्षक पदासाठी कोणतीही पदवी चालते, तेव्हा तिथे या एम. ए.चा वेगळा लाभ नाही. मुलींसाठी उंची 157 सेंटिमीटर लागते, ती आधी मोजून घे आणि मगच मैदानाला वेळ दे.

मग लाभ कुठे आहे? एक, महाविद्यालयात शिकवण्याच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत गुन्हेशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा सांकेतांक 68. एम. ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो, परीक्षा जून व डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. खुल्या प्रवर्गाला एम. ए.त 55 टक्के आणि राखीव प्रवर्गांना 50 टक्के लागतात, म्हणून तुझे अडकलेले क्रेडिट आत्ताच सोडवून घे. दोन, बंद्यांबरोबर काम करणाऱ्या संस्था. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून हे काम करतो आणि मुंबई, ठाणे, लातूर येथील कारागृहांत त्याचे कार्यकर्ते जातात. तू वर्णन केलेली ती बाई आणि ती साबणाची वडी, अशा माणसांशी बोलता येणारी मुलगी तिथे हवी असते. तीन, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची उन्हाळी व हिवाळी इंटर्नशिप. ती दिल्लीत एक महिना असते, ऑनलाइन लघु इंटर्नशिपही असते. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात अर्ज कर.

आणखी एक सूचना. स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम घेणार असशील तर अभ्यासक्रमाची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी वेगवेगळी असते हे विसरू नकोस. मी सर्व स्वाध्याय वेळेवर दिले, परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला आणि क्रेडिट गेले. तसेच तो अभ्यासक्रम तुझे विद्यापीठ मान्य करते असे लेखी मिळाल्याशिवाय घेऊ नकोस.

बोरीकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार.

आज झालेले लिहिते. नोंदणी अर्ज भरला. ऐच्छिक विषयात दंड व सुधारप्रशासन निवडले आणि ओजेटीच्या रकान्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण लिहिले. विभागप्रमुखांनी पत्र दिले असून त्यात 120 तास आणि मूल्यमापनाची पद्धत नमूद आहे. सेतूवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधार केंद्रावर पावती दोनदा वाचली. पहिल्या वेळी वडिलांच्या नावात चूक निघाली, ती तिथेच दुरुस्त करून घेतली. नोंदणी अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आहे. एलएल. बी.चा विचार एम. ए. संपेपर्यंत बाजूला ठेवला आहे, आणि गिरणाकाठच्या ताईंचे उत्तर वडिलांना जसेच्या तसे वाचून दाखवले. त्यांनी नेटच्या फीविषयी विचारले, बाकी काही बोलले नाहीत.

वकीलसाहेब, तुम्ही सांगितलेल्या मुद्द्यांवरून अर्ज लिहून बाईंना फोनवर वाचून दाखवला. प्रकरण क्रमांक तिच्याकडे नव्हता. जामिनाच्या आदेशाची घडी घातलेली झेरॉक्स तिने पिठाच्या डब्याखाली ठेवली होती, तिचा फोटो शेजारच्या मुलाने पाठवला, त्यावर क्रमांक मिळाला. सोमवारी मी पहाटेच्या गाडीने अमळनेरला येते आहे. समितीचे कार्यालय उघडल्यावर आम्ही दोघी अर्ज देऊ आणि काय झाले ते इथे कळवीन.