मदत हवी आहे : बावनथडीच्या दोन्ही काठांवर अधिवासांची निवड कशी करावी?

नमस्कार. नागपुरातून काम चालू आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरून वाहणाऱ्या बावनथडीचे, दोन्ही राज्यांनी मिळून जपावेत असे पट्टे निवडायचे आहेत. उन्हाळ्यात टिकणारे डोह, नदी सुरय हा पक्षी घरटी करतो तशी वाळूची बेटं आणि अर्जुन-जांभळाचा काठ, हे तीन अधिवास धरले आहेत.

आधी नदीपासून सरसकट ५०० मीटरचा पट्टा घेतला. सपाट भागात त्यात निम्मी धानाची बांधीच आली. मग ३० मीटरच्या एसआरटीएम उंची-नकाशावरून (अंतराळातून रडारने मोजलेली उंची) पूरमैदान, म्हणजे पुराचं पाणी पसरतं तो सपाट भाग, काढलं. तेही फसलं: दाट झाडोऱ्यात हा नकाशा जमिनीऐवजी शेंड्यांकडची उंची धरतो, त्यामुळे नेमका हवा तो काठच 'उंच' ठरून गळतो. सेंटिनल-२ उपग्रहाच्या मे महिन्यातल्या चित्रांवरून डोह मात्र छान सुटे झाले (१० मीटरच्या चौकटीत अरुंद डोह हुकतात, ते पायी फिरून भरू).

वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, म्हणून एका वर्षाचं चित्र पुरणार नाही. ड्रोनची परवानगी नाही, लायडार (लेसरने उंची मोजणं) परवडत नाही, क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. दोन्ही काठ नकाशाच्या यूटीएम ४४ या एकाच पट्ट्यात आहेत, तेव्हा प्रोजेक्शनची (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची) भानगड नाही.

आता अडलंय ते एककावर, म्हणजे निवडीसाठी गुण देताना नदीचा केवढा तुकडा एक धरायचा यावर. ठरावीक १ किलोमीटरचे तुकडे पाडावेत, की ओढ्याच्या संगमापासून पुढच्या संगमापर्यंतचा पट्टा एक धरावा? आणि एका काठावर जंगल, समोर शेती असेल, तर दोन्ही काठांना मिळून गुण द्यावेत की वेगवेगळे?