गिझरचा थर्मोस्टॅट घरी बदलताना
एकानं विचारलंय, जुन्या गिझरचा थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणारा भाग) स्वतः बदलता येईल का. येतो की! राजारामपुरीतल्या आमच्या घरी गेल्या थंडीत मीच बदलला. पण नुसतं बटण बंद करून हात घालू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद केलं तरी आत फेज, म्हणजे शॉक देणारी वायर, तशीच चालू राहते. मेन स्विच पाडा, मग टेस्टर लावा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासलेला हवा. वायरींचा फोटो काढून ठेवा. दांडीवाला थर्मोस्टॅट नळीतून सरळ ओढला की निघतो, पाणी काढावं लागत नाही. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर करंट, त्यामुळं स्क्रू ढिला राहिला की टोक जळतं. आमचं काळं ठिक्कर पडलं होतं. आणि कळकळीनं सांगतो, कटआउट, म्हणजे पाणी जास्तच तापलं तर करंट तोडणारा सुरक्षेचा भाग, वगळून वायरी थेट जोडू नका. अर्थिंगची हिरवी वायर तुटलेली दिसली तर तिथंच थांबा, वायरमनला बोलवा.